छत्तीस महिने कुठे खर्च करू?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका २८ वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष झाल्यावर आई-वडिलांबरोबर ग्रीन कार्डावर अमेरिकेत आली. इथल्या फीचे आकडे घरच्यांना झेपणारे नव्हते, म्हणून २२व्या वर्षी ती अमेरिकन लष्करात भरती झाली. चार वर्षं मेडिक म्हणून काम केलं, नागरिकत्व मिळालं आणि ‘ऑनरेबल’ शेरा घेऊन बाहेर पडली. आता लग्न झालंय, नवरा आयटीत आहे, मुलगा दीड वर्षाचा आहे आणि मुक्काम कॅलिफोर्नियातल्या बे एरियात. तिला नर्सिंग करायचंय, तेही घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या डिग्र्या देणाऱ्या स्थानिक सरकारी कॉलेजात. लष्करी सेवेमुळे ‘जीआय बिल’ या योजनेतून ३६ महिन्यांच्या शिक्षणाचा खर्च सरकार देणार आहे. पण काका म्हणतात, ‘सरकार मोठ्या युनिव्हर्सिटीची फी भरायला तयार असताना तू असल्या कॉलेजात जाणार? सगळं मातीत घालशील.’ नवरा म्हणतो, घाई कशाला, पोराच्या शिक्षणासाठी राखून ठेवू. सासूबाई फोनवर विचारतात, परत कॉलेजात जायचं हे वय आहे का? तिचा प्रश्न एवढाच : ‘ताई, यांतलं कुणाचं बरोबर?’

प्रिय मैत्रिणी,

नवऱ्याच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो लगेच निकाली निघतो. जीआय बिलाचे महिने मुलाच्या किंवा नवऱ्याच्या नावावर करता येतात, हे त्याने ऐकलंय ते खरं आहे. मात्र तो अर्ज नोकरीत असतानाच करावा लागतो. त्यासाठी किमान सहा वर्षं सेवा झालेली हवी आणि पुढे आणखी चार वर्षं थांबायचं कबूल करावं लागतं. तू चार वर्षांनी बाहेर पडलीस. म्हणजे ते दार तुझ्यासाठी उघडलंच नव्हतं. पोरासाठी राखलेले महिने पोराला मिळणार नाहीत, नुसते तुझ्या नावावर पडून राहतील. नवऱ्याची यात चूक नाही. ‘ट्रान्स्फर होतं’ एवढंच सगळ्यांच्या कानावर पडतं, अटी कुणी सांगत नाही. पण हे बोलणं आजच करून टाक. पोराच्या शिक्षणासाठी काय करायचं ते तुमच्या पगारातून ठरेल.

आता काका. त्यांचं म्हणणं वरवर पाहता पटण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ते पैशात मोजताहेत आणि हा लाभ पैशात मोजायचा नाही. तू ३६ महिन्यांहून जास्त सक्रिय सेवा केलीस, म्हणून तुला पोस्ट ९/११ जीआय बिलाचा पूर्ण, शंभर टक्के लाभ मिळतो आणि तो ३६ महिन्यांचा असतो. आपल्या एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास आठवतो? पास दिवसांचा असतो. साताऱ्याहून कराडला जा नाहीतर नागपूरला जा, दिवस एकच खर्च होतो. काकांचं म्हणणं असं, की पास आहे तर नागपूरलाच जा. अगं, पण काम कराडला असेल तर?

थट्टा बाजूला. या हिशेबात काकांना न दिसलेली एक गोष्ट आहे. जीआय बिल म्हणजे नुसती फी नव्हे. सरकारी कॉलेज असेल तर राज्यातल्या रहिवाशांना लागू असलेली पूर्ण फी व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, थेट कॉलेजला भरतं. पुस्तकांसाठी वर्षाला १,००० डॉलरपर्यंत तुला मिळतात. आणि त्यावर घरभाड्याचा भत्ता. हे घरभाडं कॉलेज किती नामांकित आहे यावर ठरत नाही. ज्या कॅम्पसवर तू वर्गात बसतेस त्याच्या पिनकोडवर ठरतं, लष्करातल्या ई-५ हुद्द्याच्या कुटुंबवाल्या माणसाला तिथे जो भत्ता मिळतो त्या दराने. बे एरियात ही रक्कम महिन्याला तीन हजार डॉलरच्या बरीच वर जाते आणि तिच्यावर कर नाही. शेजारची महागडी युनिव्हर्सिटी आणि तुझं कम्युनिटी कॉलेज एकाच भागात असतील, तर भाडंही जवळपास सारखंच. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत फी आहे युनिटला (विषयाचा भार मोजायचं माप) ४६ डॉलर, म्हणजे १२ युनिटांच्या सत्राला ५५२ आणि वर किरकोळ शुल्कं. थोडक्यात, तुझ्या हातात पडणाऱ्या पैशात कम्युनिटी कॉलेजमुळे फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो सरकारने कॉलेजला दिलेल्या पैशात, आणि त्याची काळजी काकांनी कशाला करायची?

तरीही काकांच्या म्हणण्यात एक दाणा आहे, तो फेकून देऊ नकोस. महिने मोजकेच आहेत. पुढे कधी महागडी मास्टर्स करायची वेळ आली तेव्हा हातात महिने शिल्लक असले, तर त्यांची किंमत मोठी असेल. खासगी युनिव्हर्सिटीत व्हीए वर्षाला साधारण ३० हजार डॉलरपर्यंत फी भरतं, आणि यलो रिबन योजनेत सामील असलेल्या ठिकाणी वरच्या फीचाही भार वाटून घेतला जातो. म्हणून तुझा रस्ता महिन्यांत मांडून बघू.

नर्सिंगच्या आधी अ‍ॅनाटमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असे विषय पूर्ण करावे लागतात. त्याला दोन सत्रं धर, साधारण नऊ महिने. मग दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा नर्सिंग कोर्स, चार सत्रं, अठरा महिने. झाले सत्तावीस. उरलेल्या नऊ महिन्यांत आरएन, म्हणजे परवानाधारक नर्स, झाल्यावर त्यावरून बीएसएन, म्हणजे नर्सिंगची पूर्ण पदवी, करता येते. बरोबर ३६. आणि हे शेवटचं पाऊल वगळू नकोस. असोसिएट डिग्रीवाली आणि बीएसएनवाली लायसन्ससाठी एकच एनक्लेक्स परीक्षा देतात, लायसन्सही एकच, पण मोठी हॉस्पिटलं नोकरी देताना बीएसएनला पसंती देतात, बे एरियात तर नक्कीच.

आता दुसरी मांडणी. सुरुवातीचे विषय स्वतःच्या पैशाने करायचे, जीआय बिलाला हातच लावायचा नाही. वीसेक युनिटांचे हजारभर डॉलर होतील. नऊ महिने वाचले, ते पुढे नर्स प्रॅक्टिशनरच्या मास्टर्सला लावता येतील. ऐकायला छान आहे. पण त्या नऊ महिन्यांचं घरभाडं गेलं, म्हणजे २७ हजारांहून जास्त रक्कम आज सोडायची, आणि तीही पुढे कधीतरी करू अशा एका डिग्रीच्या भरवशावर. नवऱ्याचा पगार चांगला असेल आणि मास्टर्स करायचंच असं तुझं मनापासून ठरलं असेल, तरच हा मार्ग धर. ‘असू दे, राहतील शिल्लक’ एवढ्यासाठी धरू नकोस. राखून ठेवायला हरकत नाही असं वाटायला लावणारी आणखी एक गोष्ट आहे : २०१७च्या कायद्याने १ जानेवारी २०१३ किंवा त्यानंतर बाहेर पडलेल्यांची पंधरा वर्षांची मुदत काढून टाकली. महिने आटणार नाहीत. पण न आटणारी गोष्ट कायम ‘नंतर बघू’मध्ये जाते, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

एक सांगू? तुझं पत्र पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की काका, नवरा, सासूबाई यांच्या म्हणण्याला तू प्रत्येकी एक परिच्छेद दिलास आणि नर्सिंगला एक ओळ : ‘मेडिक होते, तर तेच पुढे करावं असं वाटतं.’ हे तुझं खरंखुरं वाटणं असेल तर उत्तम. पण मेडिकचं काम आणि हॉस्पिटलच्या वॉर्डातली बारा तासांची पाळी यांत फरक आहे, आणि तो तुला माझ्यापेक्षा जास्त कळतो. त्याच कम्युनिटी कॉलेजांत रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी असते, रेस्पिरेटरी थेरपी असते, पॅरामेडिकचे कोर्स असतात, आणि चार वर्षांच्या डिग्रीसाठी दोन वर्षांनी युनिव्हर्सिटीत जाण्याचा रस्ताही असतो. पहिल्या सत्राला अ‍ॅनाटमी घे. ती यांतल्या बऱ्याच कोर्सना लागते आणि तुझं मन कुठे लागतंय तेही कळेल. मात्र कोर्स बदलायचा झाला तर तो व्हीएला कळवून बदलायचा, नुसता मनात बदलायचा नाही. का, ते सांगते.

प्रत्येक कॉलेजात एक स्कूल सर्टिफाइंग ऑफिशियल असतो. तू कोणते विषय घेतलेस ते व्हीएला कळवणारा माणूस तोच. सत्राच्या सुरुवातीला त्याच्या टेबलासमोर बस, म्हणजे काय चालतं ते दिसेल. एका बाजूला तुझ्या डिग्रीची छापील यादी, दुसऱ्या बाजूला तू घेतलेले विषय. तो पेनाने एकेक टिक करत जातो : अ‍ॅनाटमी, पाच युनिट, टिक. इंग्रजी, टिक. सिरॅमिक्स, तीन युनिट, पेन थांबतं. मातीची भांडी तुझ्या डिग्रीच्या यादीत नाहीत, म्हणून व्हीए त्याचे पैसे देणार नाही. आणि ती तीन युनिटं वजा झाल्यावर तू पूर्णवेळ विद्यार्थिनी राहत नाहीस, म्हणून भाडंही कमी होतं. नर्सिंगमध्ये हा खड्डा हमखास लागतो. आधीचे विषय संपतात, कोर्सला प्रवेश मिळायला एखादं-दोन सत्रं थांबावं लागतं, आणि मधल्या काळात ‘भाडं चालू राहावं’ म्हणून मंडळी काहीबाही विषय घेतात. तू कुठेही नाव नोंदवलेलं नसेल त्या काळात महिने खर्च होत नाहीत. तेव्हा थांबावं लागलं तर सरळ थांब, नाहीतर बीएसएनला पुढे लागणारेच विषय सल्लागाराकडून लिहून घेऊन ते घे.

मूल दीड वर्षाचं आहे, म्हणून आणखी दोन गोष्टी. भाडं मिळायला अर्ध्याहून जास्त भार लागतो. बारा युनिटांचं पूर्ण सत्र धरलं तर सात युनिटं घेतलीस तरी साठ टक्के भाडं मिळतं, सहा घेतलीस तर काहीच नाही. आणि सगळे विषय ऑनलाइन घेतलेस तर भाड्याचा दर देशाच्या सरासरीच्या निम्मा होतो. बे एरियात हा मोठा फटका आहे. एक तरी विषय वर्गात बसून घे, मग कॅम्पसचा दर लागू होतो. बाकीचे बाळ झोपल्यावर घरून कर.

विषय मध्येच सोडू नकोस हे मी कुणालाही सांगितलं असतं, तुला जरा जोरात सांगते. ठरलेल्या तारखेनंतर विषय सोडला आणि त्याला व्हीएला पटेल असं कारण नसेल, तर भाड्याचे आणि पुस्तकांचे दिलेले पैसे व्हीए परत मागतं, आणि ते पत्र थेट तुझ्या नावाने येतं. पहिल्या वेळी सहा युनिटांपर्यंत माफी मिळते. ती मूल आजारी पडण्यासारख्या वेळेसाठी राखून ठेव.

पैसे महिना संपल्यावर येतात, पुढच्या महिन्यासाठी आगाऊ नाही. पहिल्या सत्रात तर कागद फिरायला वेळ लागतो. दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेव. दोन सत्रांच्या मधल्या सुट्टीचं भाडं मिळत नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीचा आणि उन्हाळ्याचा हिशेब आधीच मांड. दर महिन्याला ‘मी अजून शिकतेय’ असं फोनवरच्या मेसेजला उत्तर देऊन कळवावं लागतं. लागोपाठ दोन महिने विसरलीस तर भाडं थांबतं.

साताऱ्यातली दोन वर्षंही फेकून देऊ नकोस. त्या गुणपत्रिका इथल्या मान्यताप्राप्त मूल्यमापन संस्थेकडून तपासून घे. रसायनशास्त्र, इंग्रजी यांतलं काही मान्य झालं तर तेवढे महिने वाचले. जॉइंट सर्व्हिसेस ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे तुझ्या लष्करी प्रशिक्षणाची अधिकृत नोंद, मागवून कॉलेजला पाठव. आधीच्या शिक्षणाची आणि लष्करी प्रशिक्षणाची दखल घेणं कॉलेजला बंधनकारक आहे, आणि कॅलिफोर्नियातल्या नर्सिंग कॉलेजांना लष्करी अनुभवाचं श्रेय कसं देणार याचं धोरण ठेवावंच लागतं. मेडिकचं प्रशिक्षण घेतलेल्या बाईने ‘मला पहिल्यापासून शिकवा’ म्हणून रांगेत उभं राहायचं कारण नाही. विचार, की परीक्षा देऊन कोणता भाग वगळता येईल.

फाफ्साचा, म्हणजे शिक्षणासाठीच्या सरकारी मदतीचा, अर्जही भर. माजी सैनिक म्हणून त्यात तुझ्या आई-वडिलांचं उत्पन्न धरत नाहीत आणि जीआय बिलाचे पैसेही उत्पन्नात मोजत नाहीत. नवऱ्याचा पगार मात्र मोजतात, त्यामुळे कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या पेल ग्रँटची फार आशा ठेवू नकोस. सेवेत असताना गुडघा, पाठ, कान असं काही दुखावलं असेल आणि व्हीएने त्याची अपंगत्वाची टक्केवारी ठरवली असेल, तर चॅप्टर ३१ नावाची वेगळी योजना आहे. ती नोकरीच्या दृष्टीने शिक्षण देते. जीआय बिलाचा अर्ज करण्याआधी त्याची चौकशी कर. आपल्या बायका ‘पाठ काय, सगळ्यांचीच दुखते’ म्हणून टक्केवारीचा अर्जच करत नाहीत.

सासूबाईंच्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? त्यांना एकदा संध्याकाळच्या वर्गात घेऊन जा. गोदामातली पाळी संपवून आलेला चाळिशीतला माणूस, तीन मुलांची आई, अठरा वर्षांची दोन पोरं आणि तू. हे काही आजचं नाही. १९४४ साली पहिलं जीआय बिल आलं तेव्हा शिकागो युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी जाहीर लेख लिहून भीती घातली होती की या सैनिकांमुळे शिक्षणसंस्थांचा दर्जा जाईल. हार्वर्डचे अध्यक्ष कोनंटही साशंक होते. १९४७पर्यंत कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. बायकापोरं असलेली, वयाने मोठी माणसं. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगावी कम्युनिटी कॉलेजं काढा अशी शिफारस केली. तुझ्यासारख्यांना बाहेरून येऊन तिथे जागा मागावी लागत नाही.

एका गोष्टीपासून मात्र सांभाळ, आणि हे इतर वाचकांनीही ऐकावं. जीआय बिल आहे असं कळलं की फोन सुरू होतात : ‘आमच्याकडे थांबावं लागत नाही, सोमवारपासून नर्सिंग सुरू.’ नफ्यासाठी चालणाऱ्या कॉलेजांना माजी सैनिक फार आवडायचे, कारण त्यांच्या कमाईत सरकारी पैसा किती चालेल याला मर्यादा आहे आणि ते प्रमाण मोजताना जीआय बिलाचा पैसा त्यात धरत नसत. ती पळवाट २०२१च्या कायद्याने बंद केली. त्याआधी अशाच दोन कॉलेजसाखळ्या, कोरिंथियन २०१५ मध्ये आणि आयटीटी टेक २०१६ मध्ये, बंद पडल्या आणि हजारो माजी सैनिकांचे महिने अडकले. व्हीएच्या संकेतस्थळावर जीआय बिल कंपॅरिझन टूल आहे. कोणत्याही कॉलेजचं नाव तिथे टाकून बघितल्याशिवाय फोनवर हो म्हणू नका. नर्सिंगच्या बाबतीत त्या राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यताही बघा.

ज्यांची मुलं अजून सैन्यात आहेत त्यांच्यासाठी दोन ओळी. नोकरीत असताना ट्यूशन असिस्टन्स मिळतं, सेमिस्टरच्या प्रत्येक युनिटाला २५० डॉलरपर्यंत. कम्युनिटी कॉलेजचे विषय त्यात आरामात बसतात आणि जीआय बिलाचा एकही महिना खर्च होत नाही. भरतीनंतर पगारातून १,२०० डॉलर कापून घेतलेलं जुनं मॉन्टगोमेरी जीआय बिलही काहींकडे असतं. ते कॉलेजला फी न देता विद्यार्थ्याच्या हातात ठरावीक रक्कम देतं, पूर्णवेळ शिकणाऱ्याला महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर. जिथे घरभाड्याचा दर अगदी कमी आणि कॉलेज स्वस्त, अशा लहान गावात कधीकधी तेच जास्त पडतं. पण एक निवडून दुसरं सोडलं की सहसा मागे फिरता येत नाही, म्हणून गावाचा दर बघूनच सही करा. तुझ्या बे एरियात हा प्रश्नच येत नाही, पोस्ट ९/११ घे.

मग कुणाचं बरोबर? काकांचं थोडं, नवऱ्याचं नाही, सासूबाईंचं अजिबात नाही. तू जायला हरकत नाही, पण यादी हातात घेऊन जा.

या आठवड्यात डीडी-२१४ ची (लष्करातून बाहेर पडल्याचा दाखला) प्रत शोध आणि व्हीएच्या संकेतस्थळावर २२-१९९० क्रमांकाचा अर्ज भर. सर्टिफिकेट ऑफ एलिजिबिलिटी घरी येईल, ते सर्टिफाइंग ऑफिशियलला द्यायचं. मग नर्सिंगच्या सल्लागाराकडून सगळ्या सत्रांची यादी सहीसकट लिहून घे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत माजी सैनिकांना विषय नोंदवताना अग्रक्रम असतो, पण तो लागू व्हायला कॉलेजकडे तुझी कागदपत्रं आधी पोचलेली हवीत. अ‍ॅनाटमीच्या प्रयोगशाळेच्या जागा सगळ्यांत आधी भरतात, तेव्हा नोंदणी सुरू होण्याच्या तारखेला सकाळीच बस.

— तुझी ताई